‘ड्रॅग’ होते, मग ‘ड्रॉप’ का होत नाही?

प्रात्यक्षिक परीक्षेला बसलेला विद्यार्थी असो, की एखाद्या दवाखान्याची बिले छापणारी जुनी आज्ञावली वर्षानुवर्षे सांभाळणारा प्रोग्रामर असो, एक प्रसंग दोघांच्याही वाट्याला कधी ना कधी येतो. व्हिज्युअल स्टुडिओ उघडलेला असतो, समोर रिकामा फॉर्म असतो आणि टूलबॉक्समधले एक बटन उचलून त्यावर ठेवायचे असते. माउसची कळ दाबली जाते, हात सरकतो, कर्सर फॉर्मपर्यंत पोहोचतो आणि तेथे त्याचे रूपांतर तिरकी रेघ मारलेल्या वर्तुळात होते. कळ सोडली तरी फॉर्म रिकामाच. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा तोच प्रकार. मग माउस बदलला जातो, संगणक बंद करून पुन्हा सुरू केला जातो आणि शेवटी संपूर्ण व्हिज्युअल स्टुडिओ काढून नव्याने बसवण्याचा घाट घातला जातो. त्यात अर्धा दिवस जातो आणि दोष बऱ्याचदा होता तेथेच राहतो.

बदनाम होतो तो माउस. दोष त्याचा असतोच असे नाही. ओढून नेणे आणि सोडणे ही दिसायला एकच क्रिया असली, तरी पडद्यामागे तिचे निरनिराळे टप्पे असतात. वस्तू उचलली जावी लागते, ती जेथे न्यायची त्या जागेने होकार द्यावा लागतो आणि सोडल्यानंतर ती वस्तू तेथे प्रत्यक्ष तयार व्हावी लागते. यांपैकी नेमके काय अडले, हे कळले की उपाय अनेकदा पाच मिनिटांचा असतो. ते न कळता केलेल्या धडपडीत मात्र कित्येक दिवस खपून रचलेला फॉर्म कायमचा विस्कटण्याचा धोका असतो. हा धोका कोठे दबा धरून बसलेला आहे, ते पुढे येईलच.

पडद्यावरील वस्तू हाताने हलवल्याप्रमाणे हलवाव्यात, ही कल्पना जुनी आहे. डग्लस एंगलबर्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे माउसचे जाहीर प्रात्यक्षिक दाखवले. आज्ञा टंकलिखित न करता वस्तूलाच हात घालण्याच्या या पद्धतीला बेन श्नायडरमन यांनी ‘डायरेक्ट मॅनिप्युलेशन’ हे नाव दिले आणि १९८३ मध्ये त्यावर सविस्तर लेख लिहिला. पुढच्याच वर्षी ॲपलचा मॅकिंटॉश आला आणि फाइलचे चित्र ओढून कचरापेटीत टाकणे ही सामान्य माणसाच्या सवयीची गोष्ट होऊ लागली. आज्ञावलीचा पडदाच अशा रीतीने रचता यावा, ही त्यापुढची पायरी. ॲलन कूपर यांनी तयार केलेले आणि मायक्रोसॉफ्टने १९८८ मध्ये विकत घेतलेले एक साधन बेसिक या भाषेशी जोडले गेले आणि मे १९९१ मध्ये व्हिज्युअल बेसिक अवतरले. त्या साधनाचे अंतर्गत नाव ‘रूबी’ होते. पुढे त्याच नावाने प्रसिद्ध झालेल्या भाषेशी त्याचा काही संबंध नाही. २००२ मध्ये डॉटनेट आले, त्याबरोबर ‘विंडोज फॉर्म्स’ आले आणि टूलबॉक्समधून कंट्रोल उचलून फॉर्मवर ठेवण्याची तीच रीत पुढे चालू राहिली. दुकाने, दवाखाने, शाळांची कार्यालये यांच्या गरजेपुरत्या असंख्य छोट्या आज्ञावल्या या रीतीने तयार झाल्या आणि त्यांतील कित्येक आजही चालू आहेत. म्हणूनच या लेखात उदाहरण घेतले आहे ते विंडोज फॉर्म्सचे. अन्य साधनांत नावे बदलतात, दुखणी बरीचशी तीच राहतात.

कर्सरची भाषा

विंडोजमध्ये वस्तू ओढली जाते तेव्हा दोन पक्षांत संवाद चालू असतो. ज्याच्याकडून वस्तू निघाली तो पक्ष आपण काय आणले आहे ते सांगतो. कर्सर ज्या ज्या खिडकीवरून जातो, तिला ‘हे घेणार का’ असे विचारले जाते. ती खिडकी उत्तर देते: प्रत घेते, मूळ वस्तूच घेते किंवा काहीच घेत नाही. कर्सरचा आकार म्हणजे हे उत्तर. तिरकी रेघ मारलेले वर्तुळ दिसले, तर माउस, त्याची कळ आणि हात ही तिन्ही ठीक आहेत असे खुशाल समजावे. उचलणे पार पडले आहे, नकार समोरून आला आहे. बाणाच्या टोकाशी अधिकचिन्ह दिसले आणि कळ सोडल्यावर त्रुटीची चौकट उघडली, तर होकार मिळाला होता, पण कंट्रोल तयार होताना काहीतरी बिघडले. आणि कर्सरमध्ये काही फरकच पडला नाही, तर वस्तू मुळात उचललीच गेली नाही.

उचलली न जाण्याचे कारण कधी कधी फारच साधे असते. कळ दाबल्याबरोबर विंडोज त्याला ओढणे मानत नाही. हात किंचित थरथरला तरी वस्तू इकडच्या तिकडे होऊ नये म्हणून काही बिंदूंचे अंतर कापले जाण्याची वाट पाहिली जाते. हे अंतर एरवी अवघे ४ बिंदू असते; पण ते वाढवण्याची सोय आहे आणि सार्वजनिक प्रयोगशाळेतील यंत्रावर पूर्वी कोणी काय बदलून ठेवले असेल, याचा नेम नसतो. लॅपटॉपच्या स्पर्शपट्टीवर बोट दाबून धरत सरकवताना कळ मध्येच सुटते, हा आणखी एक नेहमीचा अनुभव. माउसच्या व्यवस्थेतील ‘क्लिकलॉक’ ही सोय चालू केली की कळ क्षणभर दाबून सोडली तरी ती दाबलेलीच मानली जाते आणि पुढचे ओढणे सुकर होते. कर्सर ओढण्याच्या अवस्थेत अडकून बसलाच, तर ‘एस्केप’ कळ त्या क्रियेतून सोडवते.

मात्र या साऱ्याची तपासणी करत बसण्यापूर्वी एक परीक्षा अवश्य करावी. टूलबॉक्समधील कंट्रोल ओढण्याऐवजी त्यावर डबल-क्लिक करावे. तसे केल्याने कंट्रोल आपोआप फॉर्मवर येऊन बसतो. ओढण्याचा संबंधच राहत नाही. डबल-क्लिकने कंट्रोल आला आणि ओढून येत नसेल, तर अडचण माउसच्या किंवा ओढण्याच्या यंत्रणेत आहे. डबल-क्लिकनेही येत नसेल, तर माउसला दोष देणे थांबवून प्रोजेक्टकडे वळावे. या एका परीक्षेने निम्म्या शंका निकालात निघतात. तरीही ती करण्याचे कोणाला चटकन सुचत नाही, हे खरे.

रिकामा टूलबॉक्स

काही वेळा कंट्रोल उचलण्याचा प्रश्नच येत नाही, कारण टूलबॉक्स रिकामा दिसतो. या गटात वापरण्याजोगे एकही कंट्रोल नाही, असा संदेश तेवढा तेथे असतो. तो वाचून नवशिका हादरतो. पण येथे काही नाहीसे झालेले नसते. टूलबॉक्स समोर जे उघडे असेल त्याप्रमाणे स्वतःतील वस्तू दाखवतो किंवा लपवतो. समोर फॉर्मचे चित्र नसून त्याची संहिता उघडी असेल, तर बटने आणि मजकुराच्या चौकटी तेथे निरुपयोगी म्हणून झाकल्या जातात. चित्राच्या दृश्यात परतले की त्या पुन्हा दिसतात. आज्ञावली चालवून पाहिली आणि ती बंद करायची राहिली, तरी हाच अनुभव येतो: ती चालू असेतो डिझायनर बदल स्वीकारत नाही. खाली पट्टीत दडलेली एखादी चालू खिडकी शोधून बंद करणे, एवढाच त्यावर इलाज.

स्वतः बनवलेला कंट्रोल टूलबॉक्समध्ये दिसत नसेल, तर कारण निराळे असते. असा कंट्रोल तेथे येण्यापूर्वी प्रोजेक्ट एकदा यशस्वीपणे ‘बिल्ड’ व्हावा लागतो. प्रोजेक्टमध्ये कोठेतरी, अगदी असंबद्ध फाइलमध्येही, एखादी चूक शिल्लक असेल तर बिल्ड पुरा होत नाही आणि नवा कंट्रोल प्रकट होत नाही. तेव्हा प्रथम चुकांची यादी कोरी करावी, मग बिल्ड करावा आणि त्यानंतरच टूलबॉक्सकडे पाहावे. एवढे करूनही तो आला नाही, तर कंट्रोल आपोआप भरण्याची सोय पर्यायांमध्ये बंद केलेली आहे का, ते तपासावे. बाहेरून विकत घेतलेला कंट्रोल ज्या डॉटनेटसाठी बनवला आहे, ते आणि प्रोजेक्टचे डॉटनेट जुळत नसेल, तरीही तो दिसत नाही किंवा करडा दिसतो. टूलबॉक्सवर उजवी कळ दाबून सर्व वस्तू दाखवण्याची आज्ञा दिली, की तो आहे पण येथे चालणार नाही, एवढा तरी उलगडा होतो. टूलबॉक्स मूळपदावर आणण्याची आज्ञाही तेथेच असते. तिचा उपयोग होतो. परंतु हाताने जोडलेले कंट्रोल आणि लावलेली मांडणी त्यात पुसली जाते, हे लक्षात ठेवलेले बरे.

चित्र नव्हे, चालती आज्ञावली

सर्वांत चकवणारा दोष असतो तो कंट्रोल सोडल्यानंतरचा. एखाद्याने रुग्णाचा क्रमांक टाकताच त्याचे नाव दाखवणारा स्वतःचा छोटा कंट्रोल तयार केलेला असतो. तो स्वतंत्रपणे डिझायनरमध्ये उघडला, तर व्यवस्थित उघडतो. बिल्ड निर्वेध होतो. टूलबॉक्समध्ये तो दिसतो, उचललाही जातो, फॉर्मने होकार दिल्याचे कर्सर सांगतो. आणि कळ सोडताच कंट्रोल तयार करता आला नाही, असे बजावणारी चौकट उघडते. स्वतःच्या घरात सुरळीत वागणारा कंट्रोल दुसऱ्याच्या अंगणात का रुसतो, हे कोडे अनेकांना सुटत नाही.

याचे उत्तर डिझायनरच्या कार्यपद्धतीत आहे. फॉर्मवर दिसणारे बटन म्हणजे बटनाचे चित्र, अशी सर्वसाधारण समजूत असते. ती चुकीची आहे. ते खरोखरचे, चालते बटन असते. फक्त डिझायनरने त्याच्यावर पहारा बसवलेला असतो, म्हणून ते दाबले जात नाही. कंट्रोल फॉर्मवर सोडला, की डिझायनर त्याची खरीखुरी प्रत निर्माण करतो आणि त्यासाठी त्याचा कन्स्ट्रक्टर, म्हणजे वस्तू जन्माला येताना सर्वप्रथम चालणारा आज्ञांचा भाग, तेथल्या तेथे चालवतो. त्या कन्स्ट्रक्टरमध्ये माहितीकोशाशी जोडणी करण्याची आज्ञा असेल, तर डिझायनरही ती जोडणी करू पाहतो. माहितीकोशाचा पत्ता आज्ञावलीच्या सेटिंग्जमधून वाचायचा असेल, तर रचनेच्या वेळी ती सेटिंग्ज तेथे नसतात. जोडणी फसते, त्रुटी निर्माण होते आणि कंट्रोल जन्मताच दगावतो.

मग तोच कंट्रोल स्वतंत्रपणे कसा उघडतो? कारण जो कंट्रोल किंवा फॉर्म रचायला घेतलेला असतो, त्याचा स्वतःचा कन्स्ट्रक्टर डिझायनर चालवत नाही. तो त्याच्या पायाभूत वर्गाची प्रत तयार करतो आणि रचनेच्या फाइलमधील ओळी वाचून त्यावर एकेक वस्तू मांडतो. घर बांधायला घेतलेले असताना त्यात कोणी राहत नाही; दुसरीकडे नेऊन ठेवायचे झाले की मात्र ते राहते घर ठरते. हा भेद एकदा ध्यानात आला, की पूर्वी गूढ वाटणाऱ्या अनेक गोष्टींचा अर्थ लागतो. पायाभूत वर्ग ‘ॲबस्ट्रॅक्ट’ असेल तर व्हिज्युअल स्टुडिओच्या जुन्या आवृत्त्यांचा डिझायनर फॉर्म उघडायलाच का नकार देत असे, याचेही कारण हेच: अशा वर्गाची प्रत निर्माण करता येत नाही. कंट्रोलच्या कन्स्ट्रक्टरला बाहेरून माहिती पुरवावी लागत असेल तरीही तोच घोटाळा होतो; डिझायनर ती माहिती आणणार कोठून?

यावर उपाय म्हणजे कन्स्ट्रक्टर रिकामटेकडा ठेवणे. माहितीकोश, फाइल, छपाईयंत्र, इंटरनेट यांपैकी कशालाही त्यात हात लावू नये. ते काम फॉर्म प्रत्यक्ष चालू झाल्यावर स्पष्टपणे बोलवायच्या पद्धतीत ठेवावे. ‘डिझाइनमोड’ या गुणधर्माचा आधार घेऊन रचनेच्या वेळी असे काम टाळण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. सल्ला योग्य आहे, पण अपुरा. कन्स्ट्रक्टर चालत असताना कंट्रोलला आपण डिझायनरमध्ये आहोत याची जाणीवच नसते. ती जोडणी त्यानंतर होते. त्यामुळे कन्स्ट्रक्टरमध्ये हा गुणधर्म विचारला, तर उत्तर नेहमी नकारार्थी मिळते आणि दक्षता घेऊनही दोष तसाच राहतो. कंट्रोलच्या आत दुसरा कंट्रोल ठेवलेला असेल, तर आतल्याच्या बाबतीतही हे उत्तर फसवे असते.

त्रुटी नेमक्या कोणत्या ओळीत आहे, हे कळत नसेल तर एक जुनी युक्ती कामी येते. व्हिज्युअल स्टुडिओची दुसरी प्रत उघडावी, तिचा ‘डिबगर’ पहिल्या प्रतीला जोडावा आणि मग पहिल्या प्रतीत कंट्रोल फॉर्मवर सोडावा. ज्या ओळीवर कन्स्ट्रक्टर कोसळतो, तेथेच दुसरी प्रत थांबते. नव्या डॉटनेटच्या प्रोजेक्टमध्ये डिझायनरचे काम वेगळ्या प्रक्रियेत चालते. तेथे डिबगर त्या प्रक्रियेला जोडावा लागतो.

जुने कंट्रोल, नवे घर

नोव्हेंबर २०२१ मध्ये व्हिज्युअल स्टुडिओ २०२२ आले आणि अनेक कार्यालयांत नवाच गोंधळ उडाला. या आवृत्तीपासून व्हिज्युअल स्टुडिओ स्वतः ६४ बिटचा झाला. मोठे प्रोजेक्ट हाताळणाऱ्यांना त्याचा लाभ झाला. परंतु डॉटनेट फ्रेमवर्कवरच्या जुन्या प्रोजेक्टमध्ये डिझायनर व्हिज्युअल स्टुडिओच्याच प्रक्रियेत चालतो आणि ६४ बिटच्या प्रक्रियेत ३२ बिटचा कंट्रोल उतरू शकत नाही, हा विंडोजचा नियम आहे. परिणामी कालपर्यंत निमूटपणे फॉर्मवर बसणारे कंट्रोल नव्या यंत्रावर उतरेनासे झाले. व्हिज्युअल बेसिक ६ च्या काळातील ‘एमएसफ्लेक्सग्रिड’सारखे ॲक्टिव्हएक्स कंट्रोल हे त्याचे ठळक उदाहरण. ते ३२ बिटचेच आहेत आणि त्यांची ६४ बिटची आवृत्ती नाही. व्हिज्युअल बेसिक ६ च्या रचना-साधनाला मायक्रोसॉफ्टने दिलेला आधार एप्रिल २००८ मध्येच संपला. पण त्यातले कंट्रोल डॉटनेटमध्ये उचलून आणलेल्या आज्ञावल्या आजही दिसतात.

ही अडचण ओळखण्याची खूण अशी की, आज्ञावली पूर्वीसारखीच चालते, केवळ डिझायनर रुसतो. कंट्रोलची संहिता हाताशी असेल, तर तो कोणत्याही प्रणालीवर चालेल अशा पर्यायाने पुन्हा बिल्ड करावा. ती नसेल, तर फॉर्मच्या रचनेपुरते व्हिज्युअल स्टुडिओ २०१९ बाजूला ठेवणे हा कमी त्रासाचा मार्ग. व्हिज्युअल स्टुडिओ २०२२ च्या पुढील सुधारणांत ३२ बिटच्या प्रोजेक्टसाठी वेगळ्या प्रक्रियेत चालणारा डिझायनर उपलब्ध झाला. मात्र जुन्या पद्धतीने बनवलेले सर्व कंट्रोल त्यात पूर्वीसारखे वागतीलच, असे नाही. कोणत्याही परिस्थितीत संपूर्ण सॉफ्टवेअर काढून पुन्हा बसवण्याने येथे काहीही साधत नाही.

सोडले एकीकडे, पडले भलतीकडे

काही वेळा कंट्रोल सोडला जातो, त्रुटी येत नाही, पण तो जागेवर दिसत नाही. पडद्यावर जो फॉर्म सपाट दिसतो, तो प्रत्यक्षात डब्यात डबा ठेवावा तसा असतो. फॉर्ममध्ये पॅनेल, पॅनेलमध्ये ग्रुपबॉक्स, त्यात बटने. कळ सोडताना कर्सरखाली जो डबा असेल, त्याच्या पोटात कंट्रोल जातो. संपूर्ण फॉर्म व्यापणारे एखादे पॅनेल वर असेल, तर नवे बटन त्याच्या मागे दडू शकते. अशा वेळी ‘डॉक्युमेंट आउटलाइन’ ही खिडकी उघडावी. कोण कोणाच्या पोटात आहे, याची वंशावळच तेथे दिसते आणि चुकीच्या जागी पडलेला कंट्रोल तेथल्या तेथे ओढून योग्य डब्यात ठेवता येतो. फॉर्मवर एखादा कंट्रोल निवडून ‘एस्केप’ दाबले तर त्याचा डबा निवडला जातो, हीदेखील उपयोगी खूण. ‘टायमर’सारखे दृश्य रूप नसलेले घटक मात्र फॉर्मवर शोधूच नयेत, ते खालच्या पट्टीत जाऊन बसतात आणि बिचारा विद्यार्थी ते पाच-पाच वेळा टाकत राहतो.

डबा चुकल्याचा परिणाम केवळ दिसण्यापुरता नसतो. रुग्णनोंदणीच्या फॉर्मचे उदाहरण घ्यावे. त्यात स्त्री व पुरुष अशी दोन रेडिओ बटने आहेत आणि रोख व कार्ड अशी दुसरी दोन. रेडिओ बटनांची जोडी ठरते ती त्यांच्या डब्यावरून. आधी चारही बटने फॉर्मवर मांडली, नंतर ग्रुपबॉक्स टाकून तो ताणून त्यांच्याभोवती बसवला आणि मागे ढकलला, तर दिसायला दोन नीटनेटके गट दिसतात. पण बटने फॉर्मच्याच पोटात राहिलेली असतात. मग ‘रोख’ निवडताच ‘स्त्री’ ही निवड नाहीशी होते. आज्ञावली लिहिणारा संहितेत चूक शोधत रात्र जागवतो आणि चूक असते ती ओढण्या-सोडण्यात. बटने कापून, योग्य ग्रुपबॉक्स निवडून त्यात पुन्हा चिकटवली, की काम होते.

ठेवलेला कंट्रोल जागचा हलत नसेल, तर ‘फॉर्मॅट’ या यादीतील ‘लॉक कंट्रोल्स’ ही आज्ञा अनवधानाने दिली गेली आहे का, ते पाहावे. चुकून लागलेली ही कडी पुष्कळांना दिसतच नाही. दुसऱ्या फॉर्मवरून वारशाने आलेला कंट्रोल मूळ फॉर्ममध्ये खासगी ठेवलेला असेल, तर तो येथे हलवता येत नाही. त्याच्यावर छोटेसे कुलूप दिसते. टेबल किंवा फ्लो प्रकारच्या पॅनेलमधील वस्तू त्या पॅनेलच्या नियमाने बसतात, तेथे हाताने जागा ठरवण्याचा आग्रह व्यर्थ. आणि शेजारच्या कंट्रोलच्या रेषेत आपोआप ओढला जाणारा कंट्रोल जरासा बाजूला ठेवायचा असेल, तर ओढताना ‘आल्ट’ कळ दाबून धरावी.

ॲडमिनिस्ट्रेटरची भिंत

डेस्कटॉपवरच्या फोल्डरमधून एखादे चित्र उचलून व्हिज्युअल स्टुडिओच्या प्रोजेक्टमध्ये टाकायचे आहे आणि तेथे सतत नकाराचे वर्तुळ दिसते, ही तक्रार स्वतंत्र जातीची आहे. व्हिज्युअल स्टुडिओ ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ म्हणून उघडले असेल, तर ही भिंत विंडोजने बांधलेली असते. विंडोज व्हिस्टापासून कमी अधिकाराच्या आज्ञावलीला जास्त अधिकाराच्या आज्ञावलीकडे असे निरोप पाठवता येत नाहीत. घातक आज्ञावल्यांनी अधिकारसंपन्न खिडकीला परस्पर नाचवू नये, हा त्यामागचा हेतू. फोल्डर साध्या अधिकाराने चालतो, व्हिज्युअल स्टुडिओ वरच्या. म्हणून संवादच तुटतो. व्हिज्युअल स्टुडिओ बंद करून साध्या पद्धतीने उघडले की ओढणे पूर्ववत होते. यासाठी विंडोजची सुरक्षाव्यवस्थाच बंद करण्याचे सल्ले सुचवले जातात, ते मानू नयेत. एका चित्रासाठी घराचे दार काढून ठेवण्यासारखे ते आहे.

सर्वांत महाग क्लिक

आता त्या दबा धरून बसलेल्या धोक्याविषयी. डिझायनरला फॉर्मवरील एखादा कंट्रोल तयार करता आला नाही, की फॉर्मऐवजी त्रुटींचे पान उघडते. माहिती नष्ट होण्याचा संभव टाळण्यासाठी पुढील चुका दुरुस्त कराव्यात, असे त्यावर लिहिलेले असते आणि त्याच पानावर दुर्लक्ष करून पुढे जाण्याचा दुवाही असतो. घाईतला माणूस त्यावर क्लिक करतो. फॉर्म उघडतो, पण जे कंट्रोल तयार झाले नाहीत ते त्यात नसतात. कित्येकांच्या ते लक्षातही येत नाही. मग एखादे बटन किंचित सरकवले जाते, फाइल साठवली जाते आणि डिझायनर रचनेची फाइल समोर दिसते त्याप्रमाणे नव्याने लिहून काढतो. न दिसलेल्या कंट्रोलच्या ओळी त्यातून गळतात. त्यांच्या जागा, आकार, मथळे आणि घटनांशी असलेल्या जोडण्या, सारे जाते. ओढून ठेवलेली प्रत्येक वस्तू अखेर या फाइलमधील काही ओळींच्या रूपाने उरते. ती फाइल हाताने बदलू नये, अशी सूचना तिच्यातच लिहिलेली असते, ती उगाच नव्हे.

तेव्हा त्रुटींचे पान दिसल्यावर पहिले काम दुरुस्तीचे नसून प्रत काढण्याचे. फॉर्मची संहिता, तिच्या नावापुढे ‘डिझायनर’ हा शब्द असलेली रचनेची फाइल आणि चित्रे व मजकूर साठवणारी ‘रेसएक्स’ फाइल, या तिन्हींची प्रत दुसऱ्या फोल्डरमध्ये ठेवावी. संपूर्ण फोल्डरचीच प्रत काढली तर अधिक उत्तम. मग चुकांच्या यादीतील पहिल्या चुकीपासून सुरुवात करावी; पुढच्या अनेक चुका तिचीच पिले असतात. बिल्ड निर्वेध झाल्यावर फॉर्म बंद करून पुन्हा उघडावा. तरीही पान हटले नाही, तर व्हिज्युअल स्टुडिओ बंद करून प्रोजेक्टमधील ‘बिन’ आणि ‘ऑब्ज’ हे फोल्डर तसेच ‘व्हीएस’ हा लपलेला फोल्डर काढून टाकावेत; बिल्डच्या वेळी व पुन्हा उघडताना ते नव्याने तयार होतात. खिडक्यांची मांडणी थोडी बदलेल, एवढेच.

मित्राकडून ई-मेलने आलेला प्रोजेक्ट उघडल्यावर ‘रेसएक्स’ फाइल इंटरनेटवरून आल्याची तक्रार बिल्डच्या वेळी होत असेल, तर घाबरण्याचे कारण नाही. बाहेरून आलेल्या फाइलवर विंडोज तशी खूण करून ठेवते. प्रोजेक्ट विश्वासातल्या माणसाकडून आला असेल, तर उलगडलेला फोल्डर बाजूला सारावा, मूळ ‘झिप’ फाइलच्या गुणधर्मांत जाऊन ‘अनब्लॉक’ या चौकटीत खूण करावी आणि मग ती नव्याने उलगडावी. उलगडल्यानंतर खूण काढायची झाली, तर ती प्रत्येक फाइलवर स्वतंत्रपणे काढत बसावे लागते.